मागे राहिलेल्या सुभेदाराचं काय झालं

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी एक ऑडिओ मालिका लिहिली. दिवसा मी तळोज्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत असायचो. संध्याकाळी रोडपालीच्या घरी परतल्यावर बोलायला कोणी नसायचं. मुलगी बंगळूरला, तिच्या कामात. मग मी बोलणारी माणसं लिहायला लागलो, आणि एका ॲपवाल्यांना ती आवडली.

गोष्ट झोंबींची होती. समुद्रकाठच्या एका लष्करी तळावर रोग पसरतो, मेलेले जवान उठून चालायला लागतात. वाचलेल्यांना बोटींतून हलवतात. एक सुभेदार तेवढा वायरलेसपाशी मागे थांबतो. तो रोज हाक देतो, पलीकडून उत्तर येत नाही. शेवटच्या भागात तो खुर्चीवरून उठतो आणि बाहेर मेलेले जमलेले असताना तळाचं फाटक स्वतःच्या हातानं आतून उघडतो.

मालिका आली आणि मी श्रोत्यांच्या प्रतिक्रिया वाचत बसायला लागलो. कुणी लिहिलं, झोंबी मराठीत गुरगुरतात हे काही पटलं नाही. एका निवृत्त फौजीनं पहारा कसा बदलतात ते मला सविस्तर समजावलं. उरणच्या एका मुलीनं लिहिलं, 'आमच्या घरात सगली घाबरली, पन आवाज बंद करून देत नाय कोनी.' शेवट ऐकून रडलो, असं पुष्कळांनी लिहिलं. जेवताना मोबाइल ताटाशेजारी असायचा. इतकी माणसं आपल्याशी बोलताहेत, असं वाटायचं. पण मी उत्तर लिहिलं की त्यावर सहसा कोणी काही लिहीत नसे.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारीही मालिका ऐकायचा. मी टोपणनावानं लिहिलं होतं, त्यामुळे लेखक मीच आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटचा भाग संपल्यावर त्यानं इयरफोन काढला आणि म्हणाला, "लिहिणारा एकटा राहत असणार." मी म्हटलं, असेल. माझा स्टॉप आला तेव्हा मी उतरलो.

त्याच आठवड्यात एका बाईंची प्रतिक्रिया आली. शेवट खोटा आहे, एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, का? उत्तर आलं. मी पनवेलजवळ राहतो हे त्यांनी ॲपवर लेखकाच्या ओळखीत वाचलं होतं. त्या पनवेल गावातच राहत होत्या. रविवारी सकाळी चहाला या, समोर बसून सांगते, असं त्यांनी लिहिलं.

मी गेलो. सत्तरीच्या पुढच्या, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे ज्यू घरांवर लावतात ती प्रार्थनेची छोटी डबी, आत स्वच्छ दोन खोल्या. त्यांनी नारळाच्या दुधातला, गव्हाच्या चिकाचा हलवा समोर ठेवला. भाऊ, बहिणी, मग मुलगा, सगळे एकेक करून इस्रायलला गेले होते. प्रत्येकाला निरोप द्यायला त्या विमानतळावर गेल्या होत्या. आधी आईसाठी थांबल्या, मग नोकरीसाठी, नंतर कारण विचारणारंच कोणी उरलं नाही. नातू तिकडे सैन्यात होता. लष्करी तळाची गोष्ट म्हणून मालिका ऐकायला घेतली, असं त्या म्हणाल्या. मेलेली माणसं चालायला लागली तेव्हा हसू आलं होतं, पण सुभेदार मागे राहिल्यावर त्यांनी एकही भाग चुकवला नव्हता.

"मागे राहणाऱ्याला कामं असतात हो," त्या म्हणाल्या. "पाणी भरायचं, कपडे वाळत घालायचे, उद्याची भाजी निवडायची. तुमच्या सुभेदाराला तुम्ही एक कामसुद्धा दिलं नाहीत. नुसतं हाका मारत बसवलंत. मग तो दुसरं काय करणार?"

मी कप खाली ठेवला. तोवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगितली.

"मावशी, त्यानं फाटक उघडलं ते लिहिताना मला वाईट वाटलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं."

त्यांनी हलव्याची बशी माझ्याकडे सरकवली. मग विचारलं, "रात्री जेवता का नीट?"

मी ॲपवाल्यांना शेवट बदलूया का, असं विचारून बघितलं. लोकांना तोच आवडलाय, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. म्हणून मी घरीच, मोबाइलवर, एक वेगळा भाग रेकॉर्ड केला. सुभेदार टाकीतून पाणी काढतो, गणवेश धुतो, डाळ शिजवतो. बाहेर मेलेले फिरत असतात, आणि तो मिठाचा डबा शोधत असतो. बादलीचा, नळाचा, कुकरचा आवाज माझ्याच घरातला. तो आवाज टिपायचा म्हणून बऱ्याच दिवसांनी मी खरोखर डाळ शिजवली, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर ती खाल्ली.

तो भाग फक्त त्यांना पाठवला. त्यांनी दोनदा ऐकला. डाळीत आंबट काहीच घातलं नाहीत, असं कळवलं आणि खाली लिहिलं, 'आता पटला.'

त्यानंतर रविवारी मी अधूनमधून जायचो. फार बोलणं होत नसे. त्या भाजी निवडायच्या, मी पेपर वाचायचो. मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा न्यायला आला. या वेळी निरोप घ्यायचा होता तो त्यांनाच. मी खाली गाडीपर्यंत बॅग नेली. काचेतून त्यांनी मला सांगितलं की कुंड्या शेजारच्या बाईंकडे दिल्यात, मी काळजी करू नये. मला कुंड्यांची काळजी नव्हती.

तिकडून त्यांचा फोन येतो, सणाला, कधी उगाच. नातू दिवसभर बाहेर असतो, सून हिब्रूत भराभर बोलते, त्यांना निम्मं कळतं. मराठी बोलायला मिळत नाही, असं म्हणतात आणि मग आम्ही दोघं गप्प होतो. फोन ठेवायची घाई कोणी करत नाही.