आत्यांचा अधांतरी जिना

एका माणसाची सोय व्हावी म्हणून बाकीच्या सगळ्या जगाची गैरसोय करायला मागेपुढे न पाहणारी व्यक्ती सबंध बेंगळुरूत एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. आमच्या लग्नात माझी आई सहज म्हणून गेली, की सांबार जरा तिखट लागतंय. आई पुण्याची, तिने ते कौतुकानेच म्हटलं होतं. पण आत्यांच्या कानावर गेलं मात्र, वाढायला घेतलेली पंगत थांबली, सांबाराची पातेली परत चुलीवर गेली, वऱ्हाडी मंडळी केळीच्या पानांसमोर तशीच ताटकळली, आणि दुपार कलता कलता आईच्या पानात बेताचं तिखट सांबार पडलं. उपाशी व्याह्यांकडे समाधानाने बघत आत्या मला म्हणाल्या, "आता तुमची आई पोटभर जेवणार बघा." पुढे आम्ही मारतहळ्ळीला घर घेतलं, तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा बायकोला बुटका पडतोय हे आत्यांनी एका नजरेत हेरलं, आणि पुढच्या रविवारी दोन गवंडी घेऊन त्या दारात हजर झाल्या. तो ओटा उंच होईपर्यंत आम्ही बाल्कनीत जेवत होतो. हे सारं त्या अत्यंत अदबीने करतात. "जावईबापू, तुम्ही स्वल्प बाजूला होता का?" असं त्यांनी म्हटलं, की आपण आपल्याच घरातून बाहेर कसे निघालो हे कळतही नाही.

आत्यांचं घर हेब्बाळला. त्यांचे यजमान आणि थोरले दीर दोघेही सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. दोघा भावांनी मिळून ते बांधलं. खाली धाकटा, वर थोरला, आणि वर जायला कंपाउंडातून बाहेरच्या बाहेर सिमेंटचा उभट जिना. पुढे दोघेही भाऊ गेले आणि घरात दोन जावा उरल्या. खाली आत्या आणि वर त्यांची मोठी जाऊ, जिला आत्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे अक्का म्हणत. अक्का आत्यांना 'धाकटे' अशी हाक मारत. दोघींमधलं दळणवळण ठोकाठोकीने चाले. अक्का वरून मुसळाने जमीन ठोकत, आत्या खालून केरसुणीच्या दांड्याने छत. कॉफी झाली, भाजीवाला आला, मालिका सुरू झाली, प्रत्येकाचा ठोका वेगळा. मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा तिथे जेवलो तेव्हा डोक्यावर असा दणका बसला, की हातातला घास पडला. "काही नाही," आत्या म्हणाल्या, "अक्का विचारतेय, जावई भात घेतो की नाही."

मग अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि बाहेरचा तो जिना त्यांच्यासाठी कायमचा बंद झाला. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं. धडधाकट माणूसही तिथे भिंतीला धरून चढे. आत्या दिवसभर वरखाली करत, पण त्यांनाही धाप लागू लागली होती. अक्कांचा मुलगा पुण्यात असतो. तो गुणी मुलगा रोज फोनवर म्हणायला लागला, "आई, इकडे चल. आमच्याकडे लिफ्ट आहे." अक्का बरेच दिवस "नको रे" म्हणत होत्या. एक दिवस त्या "बघू" म्हणाल्या. ते आत्यांनी ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी त्या एचएसआर लेआउटमधल्या माझ्या ऑफिसात आल्या. निमित्त बिसीबेळे भाताच्या डब्याचं होतं. मी मीटिंगमध्ये असताना खालून रिसेप्शनच्या मुलीचा फोन आला, "सर, आपकी आंटी सीढ़ी के नीचे हैं, निकल नहीं रहीं." मी धावलो. आमच्या ऑफिसात दोन मजल्यांना जोडणारा एक फॅशनेबल जिना आहे. त्याला ना बाजूची भिंत, ना खालचा आधार. मधोमध एकच जाड चौकोनी लोखंडी तुळई तिरकी वर जाते, तिच्यावर पोलादी पाट्या जोडलेल्या, आणि त्या पाट्यांवर लाकडी फळ्या. लांबून बघितलं तर फळ्या हवेत तरंगताहेत असं वाटतं. आत्या पदर खोचून त्या जिन्याखाली उभ्या होत्या आणि मान वर करून तो निरखत होत्या. वरच्या मजल्यावर जेवायला निघालेली मंडळी, विशेषतः मुली, अवघडून थांबली होती.

"जावईबापू," आत्या हरखून म्हणाल्या, "ह्याला खालून काहीच नाही हो! एका कण्यावर उभा आहे. अधांतरी!"

त्यांच्या हॉलचा आकार माझ्या डोळ्यांसमोर आला आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं: अक्कांसाठी घराच्या आतून जिना. हॉल चिंचोळा, त्यात एकच मोठी खिडकी. तिथे सिमेंटचा जिना बांधला तर खिडकी झाकली जाणार, आणि आतल्या स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा लावावा लागणार. हा असला जिना मात्र उजेड आरपार जाऊ देईल.

"अक्कांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"विचारलं तर ती नको म्हणेल," आत्या म्हणाल्या. "मग करता येणार नाही."

त्यानंतर सुरू झालेल्या गैरसोयीला तोड नव्हती. एका स्ट्रक्चरल इंजिनियरने येऊन स्लॅब तपासला, कुठे कापायचा आणि कडेला कुठे आधार द्यायचा ते आखून दिलं. मग कापाकापी सुरू झाली. शेजारपाजारच्या गाड्यांवर, तुळशींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर सिमेंटचा पांढरा थर बसला. आत्यांनी घरोघरी जाऊन "स्वल्प सांभाळून घ्या" म्हणत होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, वाटल्या, त्यामुळे कुणाला भांडता येईना. वर अक्कांच्या हॉलमध्ये जमिनीला मोठं चौकोनी भोक पडलं. अक्का त्याच्या काठापासून लांब खुर्चीवर बसून राहिल्या आणि पहिल्यांदाच मुसळाशिवाय खाली बोलल्या, "धाकटे, तू माझी जमीन चोरलीस गं."

लोखंडाचं काम पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या मंजुनाथ नावाच्या कारागिराकडे होतं. तो गंभीर आणि मितभाषी. त्याच्या वर्कशॉपमधून ती तुळई टेम्पोने आली खरी, पण फाटकातून आत वळेना. मंजुनाथने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि मान हलवली. "आगल्ला, अम्मा." होणार नाही. आत्यांच्या शब्दकोशात हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. खिडकीची जाळी उतरवली गेली, शेजारच्या कंपाउंडातल्या गाड्या हलवल्या गेल्या, आणि त्या भिंतीवरून, खिडकीतून, तुळई आत घ्यायचं ठरलं. हात कमी पडले म्हणून आत्यांनी रस्त्यावरून सकाळचे फिरायला निघालेले लोक आत बोलावले. समोरच्याच घरातले एक निवृत्त बँक मॅनेजर, एक योगवर्गाला निघालेलं जोडपं आणि मी, असे सगळे ते लोखंड खांद्यावर घेऊन उभे, आणि आत्या मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत एकाच वेळी सूचना देताहेत. "बलक्के, बलक्के! अहो उजवीकडे! थोडा ऊपर!" तुळई आत गेली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि उप्पिट्टू खाल्लं. बँक मॅनेजर तर नंतर रोज काम कुठवर आलं ते बघायला येऊ लागले.

तुळई खाली जमिनीत आणि वर स्लॅबच्या कडेला बोल्टांनी आवळली गेली, फळ्या बसल्या, कठडा बसला. मंजुनाथ हात पुसत "मुगीतु" म्हणाला, म्हणजे संपलं. पण आत्यांची परीक्षा बाकी होती. त्यांनी प्रत्येक पायरीवर काठोकाठ भरलेला कॉफीचा लोटा ठेवला आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, आता वर जा. नेहमीसारखे जा, चोरपावलांनी नको." मी चढलो. मंजुनाथ श्वास रोखून कॉफीकडे बघत होता. कॉफी थरथरली, पण सांडली नाही. एक लोटा लवंडला तो माझ्या पायाने. तेवढ्यात दारात गॅसवाला आला. आत्यांनी त्यालाही भरल्या सिलिंडरसकट वर पाठवलं. अक्कांचा सिलिंडर संपलेला नव्हता, म्हणून तो तसाच खाली आला. मग कुठे आत्यांचं समाधान झालं.

अक्का उतरणार त्या दिवशी कठड्याला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. पुण्याहून मुलगा आला होता. अक्का काठी टेकत भोकाच्या काठाशी आल्या आणि त्यांनी खाली बघितलं. फळ्यांच्या मधल्या फटींतून खालच्या फरशा दिसत होत्या, आणि त्या फरशांवर उभं राहून आत्या वर बघत होत्या. 

"धाकटे, ह्याला मध्ये काहीच नाही गं."

"म्हणून तर उजेड येतो, अक्का."

"जिथून उजेड पडतो तिथून मीही पडेन," अक्का म्हणाल्या, आणि कठड्याला घट्ट धरून वरच्या पायरीवर बसल्या. मुलाने समजावलं, मी हात पुढे केला, बायकोने पाठीवरून हात फिरवला. अक्कांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. शेवटी मुलगा हळूच म्हणाला, "जाऊ दे, काकू. मी तिकडच्या घराचा रंग आटोपतो आणि आईला घेऊन जातो."

आत्या एवढंच म्हणाल्या, "सरी." म्हणजे बरं. जेवणं झाल्यावर त्यांनी स्टूल घेऊन ते तोरण स्वतःच उतरवलं.

पुण्यातल्या रंगाचं काम लांबलं. दरम्यान इकडे एक गंमत घडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का लसूण सोलायला त्याच वरच्या पायरीवर येऊन बसल्या. त्याखाली एकही पायरी त्या उतरल्या नाहीत, पण तिथून त्यांना आत्यांचा सगळा संसार दिसत होता. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, खालच्या पायरीवर चटई टाकून बसल्या, आणि दोघी बोलायला लागल्या. मुसळ कोपऱ्यात गेलं, केरसुणी केरापुरती उरली. इतकी वर्षं ठोक्यांत मावेल तेवढंच बोलत आलेल्या त्या दोन बायका आता दिवसभर बोलत होत्या. त्या भोकातून वास वर जात, म्हणून अक्का वरूनच फोडणीवर देखरेख करत. "धाकटे, मोहरी जळली!" "पदर सावर, गॅस पेटलाय!" आत्या चिडत आणि ऐकत. पुण्याहून तिकिटासाठी फोन आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "आत्ता नको रे, इथे काम चाललंय." काम म्हणजे मटार सोलणं होतं.

एका दुपारी अक्का अशाच बसल्या असताना स्वयंपाकघराच्या वरून न दिसणाऱ्या कोपऱ्यात भांडी कोसळल्याचा आवाज झाला. त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. खालून फक्त नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मग अक्का त्या जिन्यावरून खाली आल्या. चालत नव्हे, बसून, लहान मुलं उतरतात तशा, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी सरकत. आत्या चक्कर येऊन पडल्या होत्या, ओट्याची कड कपाळाला लागली होती. अक्कांनी आधी जखमेवर पदर दाबून धरला, आणि मग बँक मॅनेजरांच्या नावाने अशी हाक मारली, की ते जेवणाच्या हातानेच धावत आले.

रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा आत्या नुकत्याच शुद्धीवर येत होत्या. कपाळाला पट्टी, आणि शेजारी स्टुलावर अक्का. आत्यांनी डोळे उघडले, अक्कांना बघितलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "अक्का, तू खाली कशी आलीस?"

"जिन्यावरून."

"हलला का?"

"डोळे मिटले होते माझे. मला काय ठाऊक?"

आत्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांची पाठ बराच वेळ हलत होती. मग नाक पुसून त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, मंजुनाथला फोन करून सांगा, अक्का उतरली."

पुण्याचं तिकीट निघालंच नाही. अक्का रोज उतरायला लागल्या, शेवटपर्यंत बसूनच. त्यांच्या साड्या मागून विरत गेल्या, तशा आत्यांनी त्यांना खास जाड सुती लुगडी आणून दिली. सकाळी खाली, दुपारी जेवून हळूहळू वर, संध्याकाळी पुन्हा वरच्या पायरीवर, असा दोघींचा दिवस ठरून गेला. असं काही वर्षं चाललं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या, वर आपल्या स्वतःच्या खोलीत, झोपेत. मुलगा सगळं उरकून निघताना फार हळुवारपणे म्हणाला, "काकू, ते स्लॅबमधलं भोक बंद करून घ्यायचं का? वरचा मजला वेगळा भाड्याने देता येईल. तुम्हालाही सोबत होईल." आत्यांनी मंजुनाथला बोलावलं. तो आला, जिन्यापाशी उभा राहिला. आत्यांनी त्याला कॉफी दिली आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळून घेतले.

परवाच्या रविवारी मी हेब्बाळला गेलो. दार उघडंच होतं, स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. "जावईबापू, इकडे," असा आवाज वरून आला. आत्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना तिथे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही स्वल्प त्या खालच्या पायरीवर बसता का?" त्या म्हणाल्या. "माझ्या जागी. हां, तसंच. तोंड खिडकीकडे."

मी बसलो.

"तुमचे केस मधोमध विरळ झालेत हो," वरून त्या म्हणाल्या.

मी हसून डोक्यावरून हात फिरवला.

"माझेही झालेत. चांगले रुपयाएवढे गेलेत. काल तुमची बायको फोटो काढून दाखवत होती तेव्हा कळलं. आरशात नाही दिसत ते. इथून सगळं दिसतं." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "अक्का मोहरी जळली सांगायची, पदर घसरला सांगायची, भिंतीला जाळं लागलं सांगायची. इतकी वर्षं रोज इथे बसून माझ्या डोक्याकडे बघत होती, जावईबापू. हे मात्र एकदाही बोलली नाही."

मी वर बघणार होतो, पण बघितलं नाही. त्यांनी बसवलं होतं तिथेच, खिडकीकडे तोंड करून, बसून राहिलो.