रपटा, गुरुजी आणि उपग्रह

आमच्या प्रकल्पात डेटा कमी आणि किस्से जास्त जमतात. डेटाला निदान सर्व्हर तरी आहे. किस्से मलाच डोक्यात ठेवावे लागतात.

गोंदियातल्या एका खोलीत मी आणि आमगावचा रोशन बसतो. उपग्रहाच्या मोजमापांवरून अतिवृष्टी ओळखायची आणि नाल्याला पूर येण्याआधी गावाला सांगायचं, हे आमचं काम. आमचा नाला चिचगडकडच्या जंगलातून उतरतो. त्यावर एक रपटा आहे, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. मागच्या पावसाळ्यात गावात ऊन होतं आणि जंगलातलं पाणी येऊन एक मोटारसायकल घेऊन गेलं. माणूस पळसाला धरून वाचला. पुढच्या वेळी पळस हाताला लागेलच असं नाही. म्हणून मला घाई आहे.

*

गावात पहिली सभा घेतली. मी स्लाइड दाखवून समजावलं, की आपल्या उपग्रहाला पाऊस दिसत नाही, ढगांचे माथे दिसतात. माथा किती थंड आहे त्यावरून खाली किती पाऊस असेल याचा अंदाज काढतात. मग त्यातले दोष, मग ते दोष काढायची गणितं.

धानाची रोवणी, म्हणजे लावणी, करणाऱ्या बायकांची टोळी चालवणारी इंदूबाई पुढे बसली होती. तिने विचारलं, "म्हंजे टोपी पाहून माणूस वळखता का जी?"

रोशन म्हणाला, हो. मी तासभर बोलले होते.

*

रपटा बंद करायचा आदेश देणारे साहेब तालुक्याच्या गावी बसतात आणि हिंदीत बोलतात. त्यांचा प्रश्न साधा होता. गावात पाऊस नाही, तर गावचा रस्ता कशासाठी बंद करायचा? शेवटी त्यांनी अट घातली. गावात पर्जन्यमापक बसवा. त्यात मोठा आकडा आला, की लगेच आदेश.

"आणि पाऊस फक्त जंगलात पडला तर?"

"तो जंगल का रास्ता बंद करेंगे."

*

पर्जन्यमापक शाळेच्या अंगणात बसवला आणि बिसेन गुरुजींच्या ताब्यात दिला. पावसाळा सुरू झाला. गाव भिजलं, आमच्या स्क्रीनवर शून्य. यंत्र बिघडलं म्हणून धावत गेलो, तर ते स्टँडसकट व्हरांड्यात, पत्र्याखाली.

"सरकारी वस्तू हाय मॅडम," गुरुजी म्हणाले. "भिजून राहिली होती."

*

यंत्र पुन्हा अंगणात आलं. मग रोज प्रार्थनेच्या सुमारास शाळेवर जोरदार सर येऊ लागली. आकाश निरभ्र असलं तरी. उपग्रहाला न दिसणारा पाऊस सापडला म्हणून मी आणि रोशन हरखलो. आलेख काढला, त्याला नावही दिलं, 'प्रातःकालीन स्थानिक अतिवृष्टी'.

एका सकाळी मुद्दाम गेलो. प्रार्थना संपली. गुरुजी लोटा घेऊन आले आणि यंत्रात ओतला.

"मशीन चालू हाय का नाही, पाहाले नको?"

मी त्यांच्याकडून वचन घेतलं, की यात फक्त आकाशाचं पाणी पडेल. गुरुजींना वाईट वाटलं, पण त्यांनी ते पाळलं.

*

ऐन रोवणीतली सकाळ. स्क्रीनवर जंगलाच्या चढावर गडद डाग, हलत नव्हता. शाळेवर काहीच नाही. साहेबांना फोन केला.

"गेज में कितना है?"

"शून्य."

"फिर?"

इंदूबाईची टोळी ट्रॅक्टरवर बसून नाल्यापलीकडच्या शेतावर निघाली होती. तिला फोन केला, तर म्हणाली, इथं ऊन हाय, कायले भेव दाखवता. मग मी गुरुजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बहुतेक ओरडलेच.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "साहेबाले आकडाच पायजे का?"

"हो."

"आकाशाचाच?"

"डाग हलत नाहीये, गुरुजी," मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

जरा वेळाने शाळेवर पाऊस सुरू झाला. मग वाढला. असा पाऊस आमच्या नोंदींत कधीच नव्हता. रोशनने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगायला निघून गेला.

साहेबांचा आदेश तात्काळ सुटला. कोतवालाने रपट्यावर बांबू आडवा टाकला. ट्रॅक्टर रपट्याच्या अलीकडे अडला आणि भर उन्हात बसलेल्या इंदूबाईने मला फोनवर मनसोक्त ऐकवलं. धानाचे परे, म्हणजे रोपं, सुकून राहिले, तुले का समजते.

नंतर तिचा पुन्हा फोन आला. या वेळी फोनवर फक्त रपट्यावरून धावणाऱ्या पाण्याचा आवाज होता.

*

आढावा बैठकीत साहेबांनी गुरुजींचा सत्कार केला. मग दोन आलेख शेजारी शेजारी लावले, पर्जन्यमापकाचा आणि उपग्रहाचा. त्यांना माझी दया आली असावी.

"देखा मॅडम? स्कूल पर इतना पानी गिरा, और आपके सॅटेलाइट को दिखा ही नहीं."

गुरुजी माझ्या शेजारी बसले होते, सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन.

"त्या पावसाले टोपीच नोती जी, साहेब," ते म्हणाले.