कातळावरचा मासा

बाळांनो, गावावरच्या उघड्या पठारावर, सड्यावरच्या कातळात कोरलेला मासा अजून आहे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तिथपर्यंत आता डांबरी रस्ता झाला आहे, म्हणून उत्तर नीट लिहून पाठवते.

मासा हजारो वर्षांपूर्वीचा; कोणी कोरला, ठाऊक नाही. आमची शेजारीण त्याला 'माझो मासो' म्हणते. तिला हळू बोलता येत नाही. गुपितसुद्धा ती कुंपणापलीकडून ओरडून सांगते, आणि काही विचारलं तर उलट आपल्यालाच विचारते.

रस्ता झाल्यावर पर्यटक गाड्या थेट कातळावर आणू लागले. माशाच्या शेपटीची एक रेघ चाकाखाली फुटली. मी सुवाच्य अक्षरांत 'कातळावर गाड्या आणू नका' अशी पाटी लावली. लोकांनी तिला टेकून फोटो काढले.

परवा दुपारी वर गेले, तर शेजारणीने माशाभोवती जुनी लुगडी पसरून कोकमाची सोलं वाळत घातली होती. तेवढ्यात एक गाडी आली आणि हॉर्न वाजला.

"मावशी, हे जरा बाजूला घ्या ना."

"कित्याक रे झिला? सोलांवर चाक गेला तर सोलकढयेक टायराचो वास येतलो. ती तू पितलंस?"

गाडी मागे गेली.

"सोलांचे दिवस संपल्यावर काय करशील गो?" मी विचारलं.

"काकीनू, सुक्या बांगड्यांच्या वासात फोटो काढूक कोण थांबतलो?"

शेपटीची ती रेघ गेली. बाकी मासा आहे.