गाडीचा ‘ग’ काढायचा नाही

मला बघायला येणार होते त्या रविवारी मी आप्पांना एकच अट घातली. आप्पा म्हणजे माझे वडील. पाहुण्यांसमोर गाडीचा ‘ग’ काढायचा नाही.

‘‘न्हाई काढत,’’ आप्पा म्हणाले, आणि बादली-फडकं घेऊन गाडी धुवायला निघून गेले.

गाडी म्हणजे आमचा जुना ट्रक. लांब नाकाचा, निळा, नाकावर पिवळा पट्टा. चाकणच्या बाजारातला कांदा वाहून आप्पांनी तिच्यावर आमचं घर चालवलं. ट्रकला ते ‘ती’ म्हणतात म्हणून मीही म्हणते, नाहीतर घरात भांडण होतं. आता तिला धंद्याला कुणी बोलावत नाही. ती कुरुळीत आमच्या अंगणात उभी असते आणि आप्पा तिच्याभोवती फिरत असतात. आज ग्रीस भर, उद्या फिल्टर झटक, परवा चाकांवरच्या कमानींना तेल दे. ‘‘माझे गुडघे कुरकुरतात ते या माणसाला ऐकू येत नाही, कमान कुरकुरली की झोपेतनं उठतो,’’ असं आई म्हणते. खरंच आहे ते.

तेवढ्यावर भागलं असतं तरी आम्ही निभावून नेलं असतं. पण हल्ली आप्पा मोबाइलवर ट्रकवाल्यांच्या एका ग्रुपात शिरले होते. कुणाची गाडी कशी, काय घातलं की आवाज बंद होतो, कुठलं तेल चांगलं, अशी तिथं दिवसभर चर्चा. माणसं एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, गाडीच्या फोटोवरून ओळखतात. त्यात नव्या गाड्यांचा एक कैवारी होता. आताच्या गाडीला नुसता लॅपटॉप जोडला की दुखणं कळतं, असं तो एकदा म्हणाला. त्या दिवसापासून आप्पांनी त्याचं नाव ‘लॅपटॉप’ ठेवलं आणि त्यानं आप्पांचं ‘भंगार’. मग रोज चहाबरोबर आम्हाला ऐकावं लागायचं, ‘‘आज लॅपटॉपला असा धुतलाय म्हनून सांगू!’’

आता माझ्या अटीचं कारण सांगते. बघायला येणारा मुलगा आमच्याच कंपनीतला. तो डिस्पॅचला, मी क्वालिटीत. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून बसून आमचं सगळं कधीच ठरलं होतं. स्थळ मामीनं आणलं असं घरच्यांना वाटत होतं आणि मामीलाही तसंच वाटत होतं. मला लग्न याच्याशीच करायचं होतं, दुसऱ्या कुणाशी नाही. पण त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘आमच्या पप्पांचे काळेवाडीत ट्रक आहेत, सगळे नवे कोरे. जुन्या गाडीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं. तुझ्या आप्पांना आवर.’’ म्हणून आप्पांना मी आवरत होते. कसलं काय!

पाहुणे आले. मुलाचे वडील कारमधून उतरले, दाराकडे यायचं सोडून ट्रककडे गेले आणि नाकावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले. मग खिशातून मोबाइल काढला, एकदा त्यात बघितलं, एकदा ट्रककडे बघितलं. आप्पा हात जोडून, ‘‘या, या पाव्हणं,’’ म्हणत पुढं झाले.

‘‘तुमीच का ते भंगार?’’ पाहुणे म्हणाले.

आई दारात पाण्याचा तांब्या आरतीच्या ताटासारखा घट्ट धरून उभी होती, तिनं तो खालीच ठेवून दिला. नवऱ्याला असं तोंडावर कुणी बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले.

‘‘आन् तुमी... लॅपटॉप?’’

मी खिडकीतून मुलाकडे बघितलं. त्यानं कपाळावर हात मारला. माशी शिंकली ती अशी, चहा-पोह्यांच्याही आधी.

आत बसल्यावर दोघांनी आधी गाडीचा विषय टाळला. दोघांनाही घरून तंबी होती ना! आईनं ऊन फार पडलंय म्हटलं, मुलाची आई हो म्हणाली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेवढ्यात पाहुणे म्हणाले, ‘‘अंगणात तेल गळालंय तुमच्या गाडीचं.’’

‘‘गळतंय म्हंजे आत हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘गळायचं थांबलं की काळजी करायची.’’

संपलं. धरणाचा दरवाजा उघडल्यासारखे दोघं सुटले. नव्या गाडीत बिघाड झाला की समोर दिवा लागतो, असं पाहुणे म्हणाले. दिवा लागतो आणि गाडी बसते, मग दिव्याकडं बघत बसायचं व्हय, असं आप्पा म्हणाले. पाहुण्यांनी धुराचं काढलं. नव्या गाडीत युरियाचं पाणी भरतात, त्यानं धूर स्वच्छ होतो, तुमची गाडी नुसता काळा ओकते.

‘‘युरिया आमी शेताला घालतो,’’ आप्पा कडाडले, ‘‘गाडीला न्हाई!’’

‘‘अहो, आपण मुलगी बघायला आलोय,’’ मुलाची आई हळूच म्हणाली.

‘‘बगितली की! चांगली हाय,’’ पाहुणे माझ्याकडे न बघताच म्हणाले. ‘‘पण ही गाडी हायवेवरच्या त्या पुलाचा चढ तरी चढती का, विचारा यांना.’’

आप्पा उठले. ‘‘चला. बसा गाडीत.’’

मी ट्रे आदळला. पोहे उडाले. ‘‘आप्पा!’’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की जिला बघायला आलेत त्या मुलीनं असं ओरडू नये. ‘‘आलोच गं, पुलापत्तुर जाऊन,’’ म्हणत ते गेलेसुद्धा. ट्रक धडधडत फाटकातून बाहेर पडला. दोघांचे मोबाइल सोफ्यावरच राहिले आणि टुणटुण वाजायला लागले, कारण पाहुण्यांनी जाता जाता ‘भंगार सापडला’ असं ग्रुपवर टाकून दिलं होतं.

पोहे गार झाले. चहा दोनदा झाला. दोन्ही आया एकमेकींना आपापले नवरे सांगत बसल्या आणि सख्ख्या बहिणींसारखं त्यांचं जमून गेलं. पण ट्रक काही येईना. शेवटी आईच म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं स्कूटरवर जाऊन बघून या बाई.’’ बसमध्ये चोरून शेजारी बसणारे आम्ही, आता दोन्ही घरच्या आज्ञेनं एका स्कूटरवर निघालो. पण मजा वाटण्याच्या मनःस्थितीत होतं कोण?

‘‘संपलं आपलं,’’ तो मागून म्हणाला. ‘‘पप्पा हट्टाला पेटले की ऐकत नाहीत.’’

‘‘गप बस,’’ मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि हायवेला रडत स्कूटर चालवता येत नाही. दोघं रस्त्यात हमरीतुमरीवर आले असणार, आपलं लग्न एका युरियापायी मोडणार, हेच डोक्यात.

पुलाच्या अलीकडेच ट्रक कडेला उभा दिसला. बॉनेट वर. त्याच्यात डोकं घातलेली दोन माणसं, मागून फक्त पाय दिसत होते. शेजारून मोठाले कंटेनर भोंगे देत जात होते. चढाचा प्रश्नच आला नव्हता, त्याच्या आतच डिझेल संपलं होतं. तिचा डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला. आप्पा टाकीत काडी घालून बघतात, पण त्या दिवशी मला बघायला येणार म्हणून धुण्या-पुसण्याच्या गडबडीत काडी घालायची राहून गेली. म्हणजे दोष परत माझाच!

दोघांनी पंपावरून कॅनमध्ये डिझेल आणून ओतलं होतं. पण टाकी रिकामी झाली की अशा गाडीच्या नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ती हवा पाहुणे काढत होते. पांढराशुभ्र शर्ट, कोपरापर्यंत काळा. एका हातानं ते इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबत होते, दुसऱ्या हातात पाना.

‘‘फेस आला का?’’ आप्पा विचारत होते.

‘‘येतोय, येतोय. थांबा जरा. आता साफ डिझेल आलं बगा. आवळतो.’’

मग ते केबिनमध्ये चढले आणि चावी फिरवली. ट्रकनं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि धडधडायला लागला. ‘‘अरे वा रे पठ्ठ्या!’’ असं ओरडून पाहुण्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला. मुलगा माझ्या कानात म्हणाला, ‘‘पप्पांना असं हसताना मी बघितलंच नव्हतं.’’

‘‘मी असल्याच गाडीवर किन्नर होतो, म्हंजे क्लीनर, पोरी,’’ खाली न उतरताच ते मला म्हणाले. ‘‘उस्ताद मला हीच हवा काढायला लावायचा. आता दारात एवढ्या गाड्या उभ्या हायत, पण एकीला पाना लावायची सोय न्हाई. मी हात लावला की वॉरंटी जाती म्हणत्यात!’’

ट्रक घरी त्यांनीच चालवत आणला. आप्पा शेजारी बसून सूचना देत होते आणि ते त्या ऐकत होते. आम्ही मागून स्कूटरवर. माझा जीव भांड्यात पडत होता, पण अजून पुरता पडला नव्हता. लग्नाचं कुणी बोललंच कुठं होतं?

घरी आल्यावर पाहुणे हातही न धुता आप्पांसमोर उभे राहिले. ‘‘पाव्हणं, तुमच्या दारात आलोय. एक मागतो. न्हाई म्हणायचं न्हाई.’’

आईनं पदर सावरला. मी दाराआड ताठ उभी राहिले.

‘‘ही गाडी मला द्या.’’

आप्पा ताडकन उठले. ‘‘पोरगी न्या!’’ ते ओरडले. ‘‘आत्ता न्या! पन गाडीला हात लावायचा न्हाई!’’

मग मुलाची आई, शहाणी बाई ती, पटकन म्हणाली, ‘‘झालं तर मग. पोरगी आम्ही नेतो. साखर आणा.’’ हशा पिकला. मुलगा तर खुळ्यासारखा हसत होता. साखर वाटली, आयांनी गळाभेट घेतली. ज्यासाठी मी सकाळपासून देव पाण्यात घालून बसले होते ते झालं, आणि माझं पित्त असं खवळलं की सांगता सोय नाही.

आप्पा अंगणात हौदापाशी हात धूत होते. मी जाऊन उभी राहिले.

‘‘आप्पा, गाडी मागितली तर अंगावर धावून गेलात. मला देताना जरा विचार तरी करायचा! एक श्वास तरी घ्यायचा!’’

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग साबणाची वडी माझ्या हातात दिली आणि काळे हात पुढं केले.

‘‘गाडी दिली तर दुसरा चालवनार, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘तिला बोलता येत न्हाई. न्हेतील तिकडं जाईल, लावतील तिथं उभी ऱ्हाईल.’’

‘‘आणि मी?’’

‘‘तुला कोन चालवनार हाय?’’

मी त्यांच्या हाताला साबण लावला आणि तांब्यानं पाणी ओतायला लागले, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

‘‘हळू वत,’’ आप्पा म्हणाले.