पाव्हण्याला कपार दाखवली

माझं लगीन जमत नव्हतं तवाची गोष्ट. शाळा सातवीत सुटलेली. म्हंजी मी न्हाय सोडली, शाळेनंच मला सोडलं. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाचं क्रेट उचलायचो. स्थळं यायची, पोहं खायची, "कळवतो" म्हणून जायची. आमच्याकडं "कळवतो" म्हणलं की पोहं वाया गेलं समजायचं.

त्यात माझं तोंड. एका पोरीच्या मामानं विचारलं, "पगार किती?" मी म्हणलं, "आकडा ऐकला तर चहाचं पैसं तुमीच द्याल." झालं, मोडलं.

मंग वरकुट्याकडनं एक स्थळ आलं. पोरीला बाप न्हाय, सगळं चुलत्याच्या हातात. त्यांना समदी तात्या म्हणत. पोरीचा फोटू बघितल्यापास्नं मला झोप न्हाय. तात्यांचा फोन आला, "पाव्हणं, घरात बसून माणूस कळत न्हाय. आमच्या शेरडांच्या रानात एक कपार हाय. ती दाखवतो, या. दोस्तांनाबी आणा."

दोन दोस्त घेतले. एक गॅरेजवाला, एक डाळिंबवाला. गॅरेजवाला वाटंतच म्हणला, "लका, ही परीक्षा हाय. तू फकस्त गप बस. बोलायचं ते आमी बोलतो."

तात्या पुढं, हातात काठी आन् बॅटरी. बाभळीतनं चढ लागला. मी लग्नाकार्यातली पांढरी पँट घालून गेलतो. तात्यांनी वळून विचारलं, "दम लागला का?"

"ह्याला दमच लागत न्हाय तात्या," डाळिंबवाला म्हणला. मी मागं भात्यावानी फुसफुसत व्हतो.

कपारीचं तोंड एवढं बारीक की रांगतच जावं लागलं. पँट तितंच संपली. आत बसण्यापुरती जागा, आन् वटवाघळांचा उग्र वास. तात्या म्हणलं, "बॅटरी बंद करतो, पाखरं बिथरत्यात. गप बसा. डोळं सरावलं की वरच्या फटीतनं उजेड दिसतोय. लई ग्वाड दिसतंय."

बॅटरी बंद झाली. मला माझंच नाक दिसंना. गप बसायचं म्हणलं की माझ्या अंगात मुंग्या उठत्यात. मांडी बदलली, टाळकं दगडाला आपटलं. तेवढ्यात मानंवर कायतरी वल्लं पडलं. मी डावीकडच्या दोस्ताचा हात गच्च धरला आन् कानात कुजबुजलो, "लका, म्हाताऱ्यानं आपल्याला हितंच गाडायचं ठरवलंय. मला घाम फुटलाय. पोरगी लई चांगली हाय रं, पण हा चुलता झेपंना. हात सोडू नगं बरं का."

हात काय बोलला न्हाय. पण त्यानं सोडलंबी न्हाय. मला जरा धीर आला, म्हणून आणखी बोललो. कंपनीत मी अजून कायम न्हाय, गाडी चुलतभावाची हाय, हे तात्यांना कळू देऊ नगं, असंबी सांगितलं.

उजवीकडनं गॅरेजवाला म्हणला, "कुणाशी बोलतोय रं?"

त्याच्या पल्याडनं डाळिंबवाला खोकला. दोघंबी तिकडंच व्हते.

हळूहळू वरच्या फटीतनं उजेड उतरला. खरंच ग्वाड व्हता. त्यात मला पांढऱ्या मिशा दिसल्या. मी अजून हात धरूनच व्हतो. सोडावा का धरून ठेवावा, तेबी सुचंना.

उतरताना मला चारदा ठेच लागली. तात्या पुढं चालत आपली बोटं चोळत व्हते. गाडीपाशी आलो आन् मी "कळवतो" ऐकायला खाली मान घालून उभा ऱ्हायलो.

तात्या म्हणलं, "आयतवारी पोरगी बघायला या."

मी पाया पडायला वाकलो.

"पण दिवसाउजेडी या. सांजच्याला आमच्याकडं लाईट जाती."

दोस्त रस्त्यावरच खाली बसून हसाय लागलं. मी गाडीची किल्ली सगळ्या खिशांत शोधत व्हतो. ती गाडीलाच व्हती.