प्रतिवादी नसलेला अर्ज

अर्जदार : माझी भाची, प्रथिनांवर संशोधन करणारी विद्यार्थिनी. लेखक : मी, नागपूरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस, शिक्षण नववीपर्यंत, भाषा त्याहून बरीच पुढची. दिनांक : गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. स्थळ : बहिणीचे क्वार्टर, कोराडी. साक्षीदार : दोन, दोघेही परदेशस्थ व अर्जदारास अनोळखी. प्रतिवादी : ही जागा कोरी आहे. ती कोरी का राहिली, तेवढेच येथे निवेदन करतो.

भाचीने खाप्याकडच्या खेड्यांतल्या, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांचे रक्त तपासणीसाठी घेतले होते. त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतात, एक यंत्र त्या तुकड्यांचे वजन करते आणि वजनांवरून मूळ प्रथिन कोणते, हे संगणकातले सॉफ्टवेअर ओळखते. सॉफ्टवेअर विनामूल्य, आतली रचना सर्वांस खुली. मात्र तिच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्राच्या फाइली ते उघडेना. रक्त मोजणीतच संपलेले. "एकदाच टोचीन," असा शब्द तिने मुलांना दिला होता. फाइली उघडल्या नाहीत, तर तो मोडावा लागणार होता.

मी तत्काळ कागद मागवला. भल्या भल्या कार्यालयांना माझ्या मसुद्याने जाग आणली आहे.

"प्रतिवादीचं नाव सांग."

"कोणी नाही, मामा."

"काहून नाही? वस्तू आहे, तर बनवणारा आहे. बनवणारा आहे, तर जबाबदार आहे."

"जगभरचे लोक आहेत ते. आपापली नोकरी सांभाळून फुकट बनवून राहिले. केस कोणावर करता?"

बहीण चहा ठेवत म्हणाली, "दादा, तुले तर कावळा ओरडला तरी प्रतिवादी लागते!"

"तू मधात बोलू नको वं," मी म्हणालो, आणि 'अक्षम्य हलगर्जी' व 'नुकसानभरपाई' हे दोन्ही शब्द ठळक अक्षरांत लिहिले.

भाची वाद घालत बसली नाही. तिने त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरची दुसऱ्या कुणाची जुनी तक्रार पडद्यावर काढली आणि खालचे उत्तर मला मराठीत सांगितले : जुन्या यंत्रांच्या फाइलींचा भाग पाहणारे गृहस्थ काम सोडून गेले, आता मी एकटा सुट्टीच्या दिवशी पाहतो, उशीर झाला, क्षमा असावी, नमुन्याची फाइल पाठवल्यास प्रयत्न करीन.

माझी लेखणी थांबली. पगार घेऊन उत्तर न देणारे मी आयुष्यभर पाहिले. पगार नसताना क्षमा मागणारा हा पहिलाच.

मी ते दोन्ही शब्द खोडले. 'तक्रार' खोडून 'विनंती' केले. मग भाचीने माझा मसुदा जरा आखूड करून तो इंग्रजीत उतरवला, मुलांची ओळख काढून टाकलेली एक फाइल जोडली आणि पाठवून दिला. दोन दिवसांनी तिचा फोन आला : आपल्या विनंतीखाली दोन परदेशी संशोधकांनी लिहिले होते, आमच्याकडेही जुने यंत्र आहे, आमच्याही फाइली उघडत नाहीत. साक्षीदार असे चालत आलेले मी कचेरीत कधी पाहिले नाहीत.

दुरुस्ती करणाऱ्याचे उत्तर अद्याप नाही. सबब, सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या त्या अपरिचित महोदयांस आदरपूर्वक प्रार्थना की, सवड होईल तेव्हा या फाइलींकडे पाहावे. जमत नसेल, तर तेवढेही कळवावे. म्हणजे पुन्हा टोचावे लागेल, हे मुलांच्या घरी सांगायला जाता येईल. भाचीला एकटीला पाठवणार नाही, मी सोबत जाईन. उत्तराच्या प्रतीक्षेत.