पाटावरचा लॅपटॉप
झेंडूचा वास आला की मला अजून धडकी भरते, कारण गाझियाबादला नवीन राहायला आलो त्या दसऱ्याला हे ऑफिसच्या कामाने बंगळूरला होते, बिल्डिंगमधले अर्धे फ्लॅट रिकामे, आणि मी एकटी, मुलगी कडेवर, पूजेची घाई, यांचं पोटापाण्याचं हत्यार म्हणून घरी ठेवून गेलेला लॅपटॉप पाटावर ठेवायचा तर त्यात अपडेट चाललेलं, बंद करू नका असं इंग्रजीत लिहिलेलं मला कळलंच नाही, मी बटण दाबून बंद केला आणि हळदकुंकू वाहिलं, मग संध्याकाळी लावला तर निळा पडदा, कसला तरी लांबलचक नंबर मागायला लागला. त्यात मुलीच्या बारशाचा व्हिडिओ होता, माझी आई पाळणा म्हणत होती, आणि बारशानंतर महिन्याभरात आई गेली होती. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानात नेला, तर दुकानवाला म्हणाला, “भाभीजी, डिस्क लॉक है, नंबर के बिना कोई नहीं खोल सकता. फॉर्मेट कर दूँ?” मी यांना फोन लावला, तर हे म्हणाले, “अगं, तो नंबर मी त्यातच सेव्ह केला होता.” मी लॅपटॉप तसाच घरी आणला. आता मुलगी शाळेत जाते, आजी कसं गायची विचारते, मी पाळण्याच्या दोन ओळी म्हणते, पुढच्या मला येत नाहीत, आणि विचारावं असं कोणी उरलं नाही.